खिडकीपुढचा अर्धा हौद

ती. ऑर्लनदादास,

धाकट्या आर्डिथचा नमस्कार. तुझा खोकला कसा आहे, कोंबड्या अंडी देताहेत की नुसत्याच खाताहेत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू घेतोस की खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवतोस, हे सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तक्रार करण्यासारखं काही नाही. (पुढची सगळी पानं तक्रारीचीच आहेत. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असं आईने शिकवलं आहे आणि आईचा शब्द मी मोडत नाही.)

पत्र लिहायचं कारण असं, की मला राग आला आहे. जुलैपासून आला आहे आणि ह्या गावात तो ठेवायला कुठे जागा नाही. आपल्या माणसांचं तुला ठाऊकच आहे. वादळात छप्पर उडून तळ्यात पडलं तरी म्हणतील, आज जरा वारा आहे नाही? गेले तीन महिने मी चर्चमध्ये, दुकानात, टपाल कचेरीत हसून हसून गालफडं दुखवून घेतली आहेत. आता कुणाजवळ तरी ओकलं नाही तर मी फुटेन. म्हणून तुला लिहिते. तू वाचून काही बोलणार नाहीस, ह्याचाही मला राग आहे, पण तो जुना आहे.

तळघर नीट करून तिथे एक निजायची खोली काढायची असं मी ईस्टरनंतर ठरवलं. कुणासाठी ते विचारू नकोस. पाहुण्यासाठी. वर आमची एकच खोली, आणि तुझा मेहुणा असा घोरतो की तिथे मी राहते हेच पुष्कळ आहे. जुलैअखेर खोली तयार होती. लाकडी भिंती, गालिचा, पलंग, पलंगावर आईची निळी गोधडी, उशाशी दिवा. जिन्याच्या आठही पायऱ्यांना तुझ्या मेहुण्याने दोन्ही बाजूंनी कठडा बसवला (हे एक काम त्याने उत्तम केलं, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही). मग विजेच्या तारांचा कागद करून घ्यायला मी नगर कचेरीत गेले, तर तिथली बाई गोड हसून म्हणाली, की तळघरात माणूस निजणार असेल तर त्याला खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे, नाहीतर ती निजायची खोलीच नव्हे. आमची तळघराची खिडकी छताला चिकटलेली, एवढीशी. तिच्यातून मांजर बाहेर पडेल, तेही उपाशी असलं तर. म्हणजे आता भिंत कापून खिडकी मोठी करायची, ती बहुतेक जमिनीखाली येणार म्हणून तिच्यापुढे अंगणात खड्डा खणायचा, आणि माती आत ढासळू नये म्हणून खड्ड्याला अर्धगोल भिंत लावायची. माणसाने खिडकीतून खड्ड्यात यायचं, खड्ड्यातून अंगणात. घरी येऊन मी हे सांगितलं तर तुझा मेहुणा व्हर्लिन शांतपणे म्हणाला, "शिवणाची खोली आहे म्हणून सांगू." मी म्हटलं, आणि पलंग? तर म्हणे, "शिवून दमायला होतं."

दादा, ह्यावर मी जे बोलले ते पाद्रीबुवांच्या कानावर न जावो. पण शेवटी एवढंच म्हटलं, की ज्या खोलीतून बाहेर पडता येत नाही तिथे मी कुणाला निजवणार नाही. का, ते तुला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे, म्हणून तो टोपी घालून बाहेर गेला. आता नोव्हेंबर लागला की आपली जमीन गोठते आणि मग मे महिन्यापर्यंत कुदळ मारली तर ती उसळून कपाळावर येते. म्हणजे जे करायचं ते त्याआधी. पाहुणा बर्फ पडायच्या आत इथे यायला हवा, नाहीतर ह्या खोलीचा मला काही उपयोग नाही.

आता त्या अर्धगोल भिंतीतही किती प्रकार असतात म्हणून सांगू! शेजारच्या लव्हॉन ब्रेकीने (तीच, जिच्या बटाट्याच्या लेफ्सा-पोळ्या कागदासारख्या पातळ होतात आणि ती ते सांगते) दोन वर्षांमागे तिच्या तळघराला हे करून घेतलं. तिच्या खड्ड्याच्या आतल्या बाजूला डोंगरांचं चित्र छापलेलं आहे. बर्फाची शिखरं, देवदार, एक हरीण. खिडकीतून पाहिलं की डोंगरात राहिल्यासारखं वाटतं म्हणे. मिनेसोटात, जिथे सगळ्यात उंच वस्तू धान्याचं कोठार आहे! मला ते हरीण बघवत नाही. सारखं आपल्याकडे बघत असतं. तर मी म्हटलं, आपण दुकानात जाऊन साधी पण नीट वस्तू बघून आणू. तुझा मेहुणा म्हणाला, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते चाळीस वर्षं लग्नात काढून मला कळायला हवं होतं. भिंत कापून खिडकी बसली, खड्डाही झाला, आणि शनिवारी तो ओल्सगार्डांच्या शेतावरच्या लिलावाला गेला आणि ट्रकमध्ये गुरांना पाणी पाजायचा एक मोठा पत्र्याचा हौद घालून आला. हा मधोमध कापला की म्हणे दोन अर्धगोल भिंती होतात, एक लावायची, एक शिल्लक. (शिल्लक कशाला? पहिली बुडली तर?)

कापला. आणि खड्ड्यात बसवला. सुबक बसवला, हे मी नाकारत नाही. नुसता त्याचा तळ काढला नाही. दादा, ह्या माणसाने चाळीस वर्षं ह्याच जातीच्या हौदातून गाईंना पाणी पाजलं. हौदाला तळ असला की त्यात पाणी साठतं, ह्याचं ज्ञान ह्या राज्यात व्हर्लिनइतकं कुणाला नसेल. तरी भिंतीला कडेने छान डांबर लावून, तळासकट अर्धा हौद माझ्या नव्या खिडकीपुढे त्याने असा घट्ट बसवला की त्यातून थेंब गळणार नाही. आणि गळला नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर खिडकीच्या काचेला बाहेरून पाणी लागलेलं, निम्म्यावर, आणि त्यात एक बेडूक पोहत होता. मी बघत असतानाच खिडकीची चौकट कुरकुरली. पुढचं तुला सांगत नाही. गालिचा गेला. पलंगाचे पाय अजून फुगलेले आहेत. गोधडी मी वेळेवर उचलली म्हणून वाचली. तुझा मेहुणा जिन्यात उभा राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होता, मग म्हणाला, "म्हणजे पन्हळीचं पाणी जरा लांब न्यायला हवं."

दुपारी लव्हॉन रूबार्बच्या आंबटगोड वड्या घेऊन आली. हौदाकडे बघितलं, वाकून बेडकाकडे बघितलं, आणि म्हणाली, "वेगळं आहे हं, आर्डिथ." बस, एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याकडे 'वेगळं आहे' ह्यापेक्षा वाईट शिवी नाही. मीही हसून वडी खाल्ली आणि म्हटलं, तुझ्या वड्यासुद्धा ह्या खेपेला वेगळ्या झाल्यात. ती गेल्यावर मी उरलेल्या खाल्ल्या. चांगल्या होत्या, त्याचाही राग आला.

मग त्याने तळ कापला, खाली खडी टाकली, आणि मी नगर कचेरीच्या तपासनिसाला बोलावलं. पेल्टोला म्हणून आहे. लांबलचक, अबोल, खिशात मोजपट्टी. आता इथे माझी एक चूक झाली, ती कबूल करते. तो आल्याबरोबर मी विचारलं, कॉफी घेणार? म्हणाला, "नको, उगाच त्रास." पुन्हा विचारलं. म्हणाला, "आत्ताच घेऊन निघालो." आणि मी, दादा, आपल्या आईची मुलगी असून, किटली जागेवर ठेवून दिली! दोनदाच विचारलं! बाप्तिस्मा झालेलं माणूस असं करत नाही. पण माझं डोकं त्या वेळी पन्हळीत होतं. तो बिचारा तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत क्षणभर स्वयंपाकघरात रेंगाळला हे मला आता आठवतं. मग खाली गेला, कोरड्या घशाने. त्याने खिडकी उघडली. ती बाहेरच्या बाजूला उघडते. वीतभर उघडली आणि हौदाच्या पत्र्यावर ठण्णकन आपटली. त्याने मोजपट्टी काढली, लावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "ह्यातून कुणी बाहेर येईल असं मला वाटत नाही."

तो मुकाट्याने गेला असता तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, हा कॉफीचा सूड घेतो आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, का नाही येणार? मी येऊन दाखवते! आणि चर्चच्या झग्यात (दुपारी एका अंत्यविधीला सॅलड घेऊन जायचं होतं) स्टुलावर चढून मी खिडकीत घुसले. डोकं गेलं. खांदे गेले. पुढे पोट आणि पत्रा ह्यांची गाठ पडली आणि मी अडकले. पुढे जाईना, मागे येईना. वर बघितलं तर हौदाच्या काठावरून लव्हॉन बघत होती. म्हणाली, "काही हवंय का, आर्डिथ?" मी म्हटलं, नाही, छान चाललंय. आपण कसली माणसं आहोत रे? पत्र्यात अडकलेली बाई म्हणते छान चाललंय, आणि शेजारीण म्हणते बरं मग.

पण खरं सांगते. पेल्टोला मागून म्हणत होता, "घाई करू नका, बाई, श्वास घ्या," आणि मला श्वास घेताच येईना. मला वाटलं धूर आहे. साठ वर्षं झाली. मी सहा वर्षांची, तू अकराचा. शेतावरच्या घराचं ते तळघर, थंडीचं आपल्याला भट्टीजवळ निजवायचे, आणि त्या रात्री भट्टीतूनच आग भडकली. बाबांनी घराला गारठा लागू नये म्हणून बाहेरून भिंतीला पेंढ्याचे भारे रचलेले, खिडकीवरसुद्धा, कारण थंडीत खिडकी कोण उघडतंय? तू काच फोडलीस आणि डोक्याने, खांद्याने ते भारे ढकललेस आणि मला पायाला धरून वर लोटलंस. मी मावले. तू नाही मावलास. बाबा जिन्याने खाली येईपर्यंत तू भट्टीच्या दाराशी झटत होतास आणि त्यात तुझ्या उजव्या हाताची ती दोन बोटं भाजून कायमची मिटली. आपण ह्याबद्दल कधी बोलत नाही. तू शेकहँड डाव्या हाताने करतोस आणि मी दुसरीकडे बघते. त्या दिवशी हौदात अडकून मला ते सगळं पुन्हा दिसलं आणि मी घाबरले, दादा. फार घाबरले. पेल्टोलाने आणि व्हर्लिनने मिळून मला मागे ओढलं. झगा फाटला. पेल्टोलाने कागदावर 'नापास' लिहिलं आणि टोपीला हात लावून गेला, आणि ह्या खेपेला मला त्याचा राग आला नाही. मला त्या पत्र्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी व्हर्लिनच्या हातातून मोजपट्टी घेतली आणि त्याला गाडीत बसवून चाळीस मैलांवरच्या मोठ्या दुकानात नेलं. तिथे एक टाय लावलेले गृहस्थ होते, त्यांनी आधी डोंगर दाखवले. मी म्हटलं, हरीण नको. मग दगडासारखं दिसणारं प्लास्टिक दाखवलं. मी ते दाबलं तर आत गेलं, आपली चिकणमाती गोठून फुगली की त्याचं काय होईल? मग पन्हळी पोलाद, जस्ताचा मुलामा दिलेलं, चार फूट रुंद आणि भिंतीपासून तीन फूट पुढे येणारं, आतून शिडी ठोकलेली. काठ मातीच्या वर चार बोटं राहतो, म्हणजे अंगणातलं पाणी आत येत नाही. तळ नाही! हे मी व्हर्लिनला हात धरून दाखवलं. खाली खडी आणि खडीखालून पाणी वाहून नेणारी नळी. दुकानात मांडलेला नमुना होता त्यात मी स्वतः उतरले आणि शिडीने वर आले, तीनदा. मग व्हर्लिनला उतरवलं. मग त्या गृहस्थांनाही उतरवलं, कारण ते माझ्याहून उंच होते आणि मला उंच माणूस हवा होता.

झाकणावरून मात्र वाजलं. बर्फ आणि पालापाचोळा आत पडू नये म्हणून वरून पारदर्शक झाकण लागतं. त्यांनी कुलपाचं दाखवलं. म्हणाले, "चोरांचं भय नको, बाई." मी म्हटलं, चोर आत येईल ह्याची मला काळजी नाही. आतला बाहेर येईल की नाही, ती आहे. मग बिनकुलपाचं आणलं. मी पुन्हा शिडीवर चढले, उजव्या हाताची दोन बोटं मिटून घेतली आणि उरलेल्या बोटांनी ते ढकललं. जड होतं. दुसरं मागवलं. तेही जड. ते गृहस्थ म्हणाले, "पण दोन्ही हातांनी का नाही ढकलत?" मी म्हटलं, डाव्याने शिडी धरली आहे, दिसत नाही? "मग बोटं सगळी का नाही वापरत?" ह्यावर मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते तिसरं घेऊन आले. व्हर्लिन कोपऱ्यात उभा राहून टोपी फिरवत होता. तिसरं झाकण तीन बोटांनी उचललं गेलं. तेच घेतलं. परत येताना वीस मैल मागे पडल्यावर तो म्हणाला, "तो डावखुरा झालाय की आता." मी म्हटलं, गाडी चालव.

चर्चचं पुरुष मंडळ शनिवारी खणायला आलं. दहा माणसं, दहा मतं, आणि सगळ्यांचं मिळून एकच वाक्य, "असंही करता येईल." मी त्यांना तीन भांडी खिमा-बटाट्याचं हॉटडिश घातलं आणि एकालाही मत मांडू दिलं नाही. हौदाचा तो अर्धा तुकडा उपटताना माझ्या जिवाला जो गारवा मिळाला तो सांगता येत नाही. आता पेल्टोला गुरुवारी पुन्हा यायचा आहे. रात्रीचं पाणी आत्ताच गोठायला लागलं आहे. तो पुन्हा नाही म्हणाला तर सगळं मे महिन्यावर जाईल, आणि मी मे महिन्यापर्यंत थांबणारी नव्हे. थांबायचं तर ह्या घरात कुणाला तरी हौदात बुडवीन.

बाकी सर्व ठीक. व्हर्लिनचा नमस्कार. तोंडाला मफलर बांधून गोठ्यात जात जा.

तुझी धाकटी बहीण,
आर्डिथ

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून हेही लिहिते. पेल्टोला आज येऊन गेला. दारातच मी कॉफी विचारली, तो नको म्हणाला. पुन्हा विचारली, म्हणाला आत्ताच घेतली. तिसऱ्यांदा विचारली तर त्याचा चेहरा खुलला, म्हणाला, "बरं, अर्धा कप." तीन कप प्यायला आणि सफरचंदाच्या केकचे दोन तुकडे खाल्ले. मग तो स्वतः खिडकीतून बाहेर पडला, शिडी चढला, झाकण एका हाताने उचलून अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "वाईट नाही." मला रडू आलं. लव्हॉन कुंपणापाशी होती, म्हणून शिंकल्याचं दाखवलं.

ता. क. २. वहिनीच्या अंत्यविधीच्या जेवणाला मी पाठवलेलं काचेचं झाकणाचं भांडं, ज्याच्या बुडाला माझ्या नावाची पट्टी चिकटवलेली आहे, ते वर्षभर तुझ्याकडेच आहे. मला ते हवं आहे. टपालाने पाठवू नकोस, फुटेल. स्वतः घेऊन ये. बरोबर कपडे, गोळ्या आणि गरम टोपीही आण. कोंबड्यांची काळजी नको. तो उरलेला अर्धा हौद व्हर्लिनने उलटा घालून, पेंढा भरून त्यांचं घर केलं आहे. त्याला अजूनही वाटतं की हौद आणण्यात त्याची चूक झाली नव्हती.

ता. क. ३. वहिनीच्या जेवणाच्या दिवशी चर्चच्या तळघरात मी तुला म्हटलं होतं, आमच्याकडे राहायला ये. तू म्हणालास, उगाच त्रास. ईस्टरला पुन्हा म्हटलं, तर म्हणालास, माझं इथे ठीक चाललंय. मार्चमध्ये तू गोठ्यापुढच्या बर्फावर पडून तासभर तसाच होतास, हे मला टपालवाल्याकडून कळलं होतं, तरी मी गप्प बसले. तुझं काही चुकलं नाही, दोनदा नको म्हणायचंच असतं. चूक माझी, मीच किटली खाली ठेवली. तर दादा, खोली तयार आहे, खिडकीतून दोघंही मावतो, मी मोजून घेतलं आहे. राहायला येतोस का? हे मी तिसऱ्यांदा विचारते आहे.